सुभद्राबाईंचा उजवा खांदा

मंगळवार, ८ एप्रिल २०२५. पाणी सहाला आलं, पावणेसातला गेलं. दूध फाटलं, त्याचं पनीर केलं. दहा वाजता सुभद्राबाईंबरोबर धनश्रीच्या दवाखान्यात. उजवा हात आता खांद्याच्या रेषेच्या चार बोटं वर जातो. अर्ध्या किलोचं वजन सुभद्राबाईंना 'कापसासारखं' वाटतं. आजपासून एक किलो. दुपारी शेजारून वरण-बट्टी आली. रंजना म्हणाली, "काकू, या महिन्यात आमचा तुरीचा डबा आटतच नाही." पंख्याचं बटण बदलून घेतलं.

वत्सलाबाईंनी पेनाला टोपण लावलं, डायरी फळीवर ठेवली आणि भेंडी चिरायला बसल्या. वयाच्या अकराव्या वर्षापासून त्या रोज डायरी लिहीत. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे शाळा भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये झाली आणि तिथल्या एका सिस्टरने ही सवय लावली. सिस्टरचं म्हणणं असं, की दिवसभरात काय घडलं ते लिहा, काय वाटलं ते देवाला माहीत असतं, त्यात शाई घालवू नका. वत्सलाबाईंनी साठ-पासष्ट वर्षं हा नियम पाळला. पलसाण्याच्या एका मिलच्या रंगखात्यात नोकरी करणारे त्यांचे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले, त्या दिवशीच्या पानावरही 'पाच वाजून वीस मिनिटांनी' एवढंच होतं आणि खाली 'पाहुण्यांसाठी चहा दोनदा झाला' असं होतं.

तेव्हा रंजनाच्या तुरीच्या डब्याची नोंद त्यांनी काही शंका येऊन केली नव्हती. ऐकलं म्हणून लिहिलं. त्या ओळीत किती डाळ शिजली होती ते पुढच्या मंगळवारी कळलं.

रंजना म्हणजे शेजारच्या सुभद्राबाईंची सून. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या सोसायटीत दोघींची घरं एका भिंतीला लागून. भिंत इतकी पातळ, की पलीकडे कुकरची शिट्टी झाली की वत्सलाबाई अलीकडे गॅस बंद करायला उठत. सुभद्राबाई सहासष्ट वर्षांच्या. माहेर पारोळ्याकडचं. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्याबरोबर सुरतेत आल्या त्या एसटीने, मांडीवर मातीचं खापर घेऊन. कंडक्टर म्हणाला, मावशी, ते वर टाका. तेव्हा एकवीस-बावीस वर्षांच्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "मला वर टाका, हे मांडीवर राहील."

खापर म्हणजे मांडे भाजायचं पालथ्या घमेल्यासारखं मातीचं भांडं. आणि पुरणाचे मांडे म्हणजे काय, हे खानदेशाबाहेरच्या माणसाला एकदा बघितल्याशिवाय पटत नाही. पुरण भरलेला उंडा थोडा थापायचा, मग तो दोन्ही हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर, पंजावरून कोपरापर्यंत असा खेळवत राहायचा, की तो आपल्याच वजनाने लोंबत, पसरत पंचाएवढा होतो. पलीकडचा माणूस दिसेल इतका पातळ. मग दोन्ही हात पुढे करून तो तापल्या खापरावर अलगद उतरवायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. जे काय आहे ते दोन हात.

सुभद्राबाईंचे हात होते तसे. नवरा उखा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला; त्या घरी बसून साड्यांचे दोरे कापायच्या, घड्या घालायच्या. दिवसाला शंभर-शंभर साड्या. पण गल्लीत कोणाकडे लग्न निघालं, बारसं निघालं, की दोरे कापायची कात्री बाजूला आणि सुभद्राबाई चुलीपुढे. पाच किलोचं पीठ एकटीने मळायच्या. दुसऱ्या कोणी मळलेलं पीठ बोटाने दाबून बघायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "याच्या चपात्या करा." ते ऐकून बायका तीन-तीन दिवस बोलत नसत आणि चौथ्या दिवशी मांड्यांचं आवतण घेऊन येत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशी लेकींचा माहेरी यायचा सण. त्या दिवशी सुभद्राबाईंच्या गच्चीवर विटांची चूल मांडली जायची आणि चाळीस-पन्नास मांडे उतरायचे. दोन लेकी, त्यांची मुलं, शेजारपाजार, सगळे आमरसाच्या वाट्या घेऊन पंगतीला. हे अडतीस वर्षं चाललं होतं. एकदाही चुकलं नव्हतं.

आणि या वर्षी उत्तरायणाला त्या जिन्यात पडल्या.

चौदा जानेवारीला सुरतेत खाली कोणी नसतं, सगळं शहर गच्चीवर. स्पीकर, पतंग आणि "काप्यो छे!"चा ओरडा. सुभद्राबाई उंधियूची तपेली घेऊन खाली येत होत्या, पायरीवर तुटलेल्या मांज्याचा गुंता पडला होता, त्यात पाय अडकला. तपेली डाव्या हातात होती, ती त्यांनी सोडली नाही. सगळा भार उजव्या खांद्यावर आला. दंडाचं हाड खांद्याशी मोडलं. इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत नेताना त्या कंपाउंडरला सांगत होत्या, "पण उंधियू सांडलं नाही हं."

सहा आठवडे हात गळ्यात. झोळी निघाली तेव्हा हात बघून त्यांना रडूच आलं. हात त्यांचाच होता, पण ओळख देत नव्हता. पदर खांद्यावर टाकायचा तर डाव्या हाताने. केसांना तेल रंजनाने लावायचं. डॉक्टरांनी व्यायामासाठी धनश्रीकडे पाठवलं.

धनश्री फिजिओथेरपिस्ट, तिशीच्या आतली. आईवडील धुळ्याकडचे, पण ही जन्मली सुरतेत आणि शिकली गुजराती शाळेत, त्यामुळे मराठीत बोलतानाही मधेच 'सरस', 'बस', 'चालो' यायचं, आणि वयस्कर बायकांना ती गुजरातीतल्यासारखं 'बा', म्हणजे आई, म्हणायची. कालव्याजवळ औषधाच्या दुकानाच्या वर तिचा दवाखाना. सुभद्राबाईंचा मुलगा योगराज दिवसभर मार्केटचा टेम्पो चालवायचा, रंजनाला ब्लाउजची शिलाई, म्हणून दर मंगळवारी वत्सलाबाई बरोबर जायच्या. कागद वाचायला येतं, रिपोर्ट समजतात, आणि मुख्य म्हणजे लिहून ठेवतात.

पहिल्या दिवशी धनश्रीने सुभद्राबाईंना भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चालवायला सांगितलं.

"हा व्यायाम?" सुभद्राबाई म्हणाल्या. "पोरी, मी पाच किलो पीठ मळते."

"मळत होता, बा," धनश्री म्हणाली. "हमणां, आत्ता, भिंतीवर चाला."

मुंगी पंधरा-वीस दिवस चालली. मग दाराच्या कडीला रबराची हिरवी पट्टी बांधून ओढायचं आलं. मग, पंचवीस मार्चला, वजन. मनगटाला अर्धा किलो बांधून हात बाजूने वर उचलायचा, बारा वेळा, दिवसातून तीनदा. धनश्री वाळूची पिशवी देणार होती, पण सुभद्राबाईंना ते पटलं नाही. वाळू कशाला? घरात डाळ आहे की. जुन्या साडीच्या काठाची पिशवी शिवली, त्यात अर्धा किलो तूरडाळ वत्सलाबाईंच्या नानकटाईचं सामान मोजायच्या काट्यावर मोजून भरली, तोंड दोऱ्याने बांधलं, दोन बाजूंना बंद लावले. काम संपलं की पिशवी स्वयंपाकघरातल्या खुंटीला.

सुभद्राबाईंच्या मनात एकच तारीख होती. तीस एप्रिल, आखाजी. घरातही ती तारीख सगळ्यांच्या डोक्यात होती, फक्त वेगळ्या कारणाने. लिंबायतच्या प्रमिलाबाई मांडे करून देत. त्यांना आधी सांगावं लागे, आखाजीला तर दहा दिवस आधी. योगराजने एकदा जेवताना विषय काढला.

"आई, या वर्षी प्रमिलाबाईंना सांगू या का? तू आराम कर."

"आराम?" सुभद्राबाईंनी घास खाली ठेवला. "लेकी माहेरी येणार आणि दुसरीच्या हातचे मांडे खाणार? मग माहेरी कशाला येता म्हणावं, लिंबायतलाच जा."

"अगं, एका वर्षाचं..."

"एका वर्षाचं नसतं ते. एकदा डबा आला की दर वर्षी डबाच येतो."

योगराजने पुढची भाकरी मागितली. उखा जेवत राहिला. तो तसा कमीच बोले. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्याने कान गेल्यात जमा होते. स्वतः बोलायचा ते मात्र अख्ख्या सोसायटीला ऐकू जायचं. बायकोच्या व्यायामाची मोजणी तोच करायचा. सकाळी सातला भिंतीपलीकडून "एऽऽक... दोऽऽन..." सुरू झालं, की वत्सलाबाई डायरी उघडून वेळ टाकायच्या. त्याची मोजणी कूर्मगतीची. एका आकड्यात चहाचा घोट होई.

आठ एप्रिलला वजन कापसासारखं झालं, रंजनाने पिशवीत वरून आणखी अर्धा किलो ओतला. आठवडाभरात तेही हलकं वाटायला लागलं. सुभद्राबाईंची मान ताठ झाली. त्यांनी खापर माळ्यावरून काढून धुतलं, उन्हात ठेवलं. रंजनाला सांगितलं, गव्हाचं पीठ दोनदा चाळून ठेव.

पंधरा एप्रिलला धनश्रीने कपाटातून वाळूची पिशवी काढली. वर पेनाने मोठा एकचा आकडा.

"चालो बा, आज माझ्यासमोर."

पिशवी मनगटाला बांधली. सुभद्राबाईंनी हसत हात उचलला. हात कमरेपर्यंत आला, थरथरला, आणि तिथूनच खाली गेला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच. कपाळावर घाम.

"बा, घरी करता ना रोज?"

"करते म्हणजे? तीनदा करते. ताई, दाखवा हिला."

वत्सलाबाईंनी पिशवीतून डायरी काढली. धनश्रीने पानं उलटली. नऊ एप्रिल, एक किलो, बारा तीनदा. दहा एप्रिल, एक किलो, बारा तीनदा, 'दमल्या नाहीत'. अकरा एप्रिल, तसंच, खाली 'गवार महाग'.

धनश्रीने डायरी मिटली. "यात एक किलो आहे. हातात नाही. मग पिशवीच बघायला पाहिजे."

घरी येऊन वत्सलाबाईंनी पिशवी काट्यावर ठेवली. चारशे दहा ग्रॅम. काटा बिघडला असेल म्हणून साखरेचा पुडा ठेवून बघितला, काटा ठीक होता. पिशवी दिसायला मात्र गच्च. तोंडाचा दोरा कापला, वर डाळ आली, आणि डाळीच्या खाली हात घातला तर चिंध्या. निळ्या, तेलाचा वास असलेल्या, गोळे करून ठासलेल्या.

सुभद्राबाईंनी एक चिंधी नाकाशी नेली. मग कापलेल्या दोऱ्याची गाठ बघितली. इवलीशी, घट्ट, शेंडे कापलेली गाठ. त्या स्वतः बांधायच्या तशी फुलाची नव्हे. लूमवर सुताची तार तुटली की कारागीर दोन बोटांत क्षणात मारतात ती गाठ.

"रंजना," त्यांनी हाक मारली, "तुझा डाळीचा डबा आटत नाही म्हणत होतीस ना?"

"हो, आई. मी तर घाबरून त्याला हळद-कुंकू लावणार होते."

उखा ओट्यावरच्या झोक्यावर बसला होता. सुभद्राबाई चिंधी घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. त्याने चिंधी बघितली आणि झोका थांबवला.

"तुमले काय वाटनं? मी ल्हान पोर शे का?" सुभद्राबाईंचा आवाज चढला होता. रागावल्या की त्या प्रमाण मराठी विसरत.

"तुले दुखे ना," उखा म्हणाला. हळू बोलायचा प्रयत्न होता, पण तीन घरं पलीकडे गेला. "तू तोंड वाकडं करे. मनाघाई दखाये नही."

तिला दुखायचं, ती तोंड वाकडं करायची, आणि त्याच्याने ते बघवत नव्हतं. म्हणून ती आंघोळीला गेली की तो रोज खुंटीवरची पिशवी काढायचा, मूठभर, कधी चिमूटभर डाळ डब्यात परत टाकायचा आणि तेवढी आपल्या जुन्या कामाच्या सदऱ्याची चिंधी आत ठासायचा. ती उचलताना हसायला लागली तसा त्याचा हात सैल सुटला. चाळीस वर्षांत कारखान्यातली साधी सुई घरी आणली नव्हती या माणसाने. आणि आता आपल्याच स्वयंपाकघरात चोरी, तीही उलटी.

रंजनाला हसू आवरेना, ती पदर तोंडाला लावून आत पळाली. वत्सलाबाईंनाही हसू आलं होतं, पण सुभद्राबाईंचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. त्या रडत नव्हत्या. हिशोब करत होत्या. आखाजीला पंधरा दिवस राहिले होते, आणि हात जिथे आहे असं वाटत होतं तिथे नव्हता.

त्यांनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. तसं तो ऐकतही नव्हता, त्यामुळे दोन दिवस त्याला ते कळलंच नाही. कळलं ते मोजणीवरून. सकाळी सातला तो "एऽऽक" म्हणून उभा राहिला तर सुभद्राबाई पाठ फिरवून म्हणाल्या, "रंजना, तू मोज."

गुरुवारी त्या वत्सलाबाईंना घेऊन मुद्दाम पुन्हा दवाखान्यात गेल्या. बाकावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. होईल का नाही?"

"काय करायचंय ते आधी दाखवा," धनश्री म्हणाली. "तुम्ही नुसतं मांडे मांडे करता. मी खाल्लेत, करताना कोणाला नाही बघितलं."

सुभद्राबाईंनी तिच्याकडचा टॉवेल मागितला, नळाखाली भिजवला, पिळला, आणि खुर्चीवर बसून हातांवर घेतला. पंजावरून कोपरावर, या हातावरून त्या हातावर. उजवा हात अडखळत होता, तरी धनश्री बघतच राहिली. शेवटी दोन्ही हात पुढे करून टॉवेल समोरच्या स्टुलावर उतरवायला गेल्या, तिथे खांदा सुटला आणि टॉवेल फदकन पडला.

"बा," धनश्री म्हणाली, "तुम्ही घरी कसा व्यायाम करता? वर नेता, आणि मग?"

"मग काय? सोडते. वर नेलं की झालं."

"तिथेच घोटाळा." ती समोर स्टूल ओढून बसली. स्वतःच्या दंडावर सुभद्राबाईंचा हात ठेवला. "उचलताना स्नायू आखडतो. बघा, गोळा झाला. आता मी हात इथेच धरला. लांबी तेवढीच, पण काम चालू आहे, लागतंय ना हाताला? आणि आता मी सावकाश खाली आणते. स्नायू लांब होतोय, पण सुटलेला नाही. काम करत करत लांब होतोय. तुम्ही मांडा उचलता कुठे? तुम्ही तो धरता, आणि उतरवता. आणि त्याचाच व्यायाम आपण फुकट घालवला, कारण खाली येताना तुम्ही हात टाकून देता. चूक माझी पण आहे. मी विचारायला पाहिजे होतं, हात कशाला हवाय म्हणून."

घरी आल्यावर वत्सलाबाईंनी हे सगळं रंजनाला नीट समजावून सांगितलं. झोक्यावरच्या उखासाठी जरा मोठ्याने. तो म्हणाला, "हां, म्हणजे बीमासारखं."

कोणाला कळलं नाही.

"लूमला मागे ताण्याचा बीम असतो ना, ताई, उभे धागे गुंडाळलेला रूळ. कापड पुढे सरकतं तसा तो तार सोडतो. पण मोकळी नाही सोडत. ताण ठेवून सोडतो. ताण गेला की तार ढिली पडते, कापड बिघडलं." आणि त्याने हवेत दोन्ही हात धरून दाखवलं, कसं सोडायचं ते.

सुभद्राबाई आत पोळ्या करत होत्या. त्यांचं लाटणं क्षणभर थांबलं.

नवा व्यायाम असा ठरला. वजन खरं, एक किलो, वत्सलाबाईंसमोर मोजून. दोन्ही हातांनी वर न्यायचं म्हणजे डाव्याची मदत, आणि खाली आणायचं एकट्या उजव्याने, पाच आकडे मोजून. मग ओला टॉवेल हातांवर धरून दहा आकडे. दुखणं फार वाढलं तर थांबायचं, हट्ट करायचा नाही.

प्रश्न मोजणीचा आला. रंजना मोजायची तेव्हा गॅसवर काहीतरी असायचं, तिचे पाच दोन सेकंदांत संपायचे. वत्सलाबाईंनी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या पद्धतीने "वन थाउजंड, टू थाउजंड" सुरू केलं, तर सुभद्राबाई म्हणाल्या, "ताई, हजार कशाला? मला पाचच करायचेत." त्यांनी स्वतः मोजून बघितलं, पण मोजायला लागल्या की हात विसरायच्या आणि हाताकडे बघितलं की आकडा.

एकोणीस एप्रिलला, शनिवारी सकाळी सातला, त्या पिशवी बांधून बाहेर ओट्यावर आल्या. उखा झोक्यावर. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, हात वर नेला आणि म्हणाल्या, "मोजा."

उखाला शब्द ऐकू आला नाही, पण हात दिसला. तो उठून उभा राहिला. "एऽऽऽक..." बीमावरून तार सुटावी तसा आकडा सुटत होता. सुभद्राबाईंचा हात त्या आकड्याच्या बरोबर खाली येत होता. भिंतीपलीकडे वत्सलाबाईंनी वेळ टाकली.

त्याच दिवशी दुपारी सुभद्राबाईंनी योगराजला बोलावलं. "प्रमिलाबाईंना सांग. वीस."

योगराजने लगेच फोन काढला. "आणि बाकीचे?"

"बाकीचे मी. जेवढे होतील तेवढे. नाही झाले तर वीस आहेतच." मग दाराकडे जाता जाता म्हणाल्या, "आणि तिला सांग, पीठ दोनदा चाळून घे."

आखाजीला गच्चीवर चूल पेटली. लेकी आल्या होत्या, पोरं झोक्यासाठी भांडत होती. प्रमिलाबाईंचा डबा आधीच येऊन पडला होता. सुभद्राबाईंनी झाकण उघडून आत बघितलं, एका मांड्याचा कोपरा बोटाने दाबला आणि काही न बोलता झाकण लावलं. त्यांच्या लेखी ही मोठी शाबासकी होती. धनश्रीलाही जेवायला बोलावलं होतं. ती आली आणि ताटाजवळ न बसता चुलीजवळ बसली.

"मी थांबा म्हटलं की थांबायचं, बा."

"बरं बरं. तू आधी लांब बस, धूर लागेल."

पहिला उंडा हातावर आला तेव्हा सगळी गच्ची गप्प झाली. तेच सुभद्राबाईंना आवडलं नाही. "काय मयत आहे का? बोला की!" त्या म्हणाल्या, आणि हात चालायला लागले. पूर्वीसारखे नव्हेत. पूर्वी मांडा खेळायचा, आज तो जपून चालत होता. पण पसरत होता. उजव्या कोपरापर्यंत आला, लोंबला, पातळ झाला. हात पुढे गेले. खांदा थरथरला.

"एऽऽऽक," मागून उखाचा आवाज आला. "दोऽऽऽन..."

मांडा खापरावर उतरला. एकही सुरकुती नाही.

"जमनं!" उखा ओरडला, आणि खालच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

दुसरा झाला, तिसरा झाला. सातव्याला त्यांनी पाणी मागितलं. अकरावा उतरवला तेव्हा त्याची एक कड दुमडली. कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण धनश्रीने "बा," म्हणायला तोंड उघडलं आणि त्याआधीच सुभद्राबाईंनी हात मांडीवर ठेवले. खांदा दाबला. चूल धगधगत होती, परातीत नऊ उंडे उरले होते. त्यांनी उंड्यांकडे बघितलं, मग मागे वळल्या.

"रंजना, बस इथं."

"मी? आई, माझ्याच्याने नाही होणार. फाटेल."

"फाटला तर तुझा सासरा खाईल. त्याने माझी डाळ खाल्ली नाही का!"

"खाल्ली कुठे, डब्यात टाकली," रंजना पुटपुटली, आणि हसत चुलीपुढे बसली.

पहिला फाटला. तो उखाने खाल्ला. दुसरा रंजनाच्या मनगटापर्यंत आला आणि तिथेच घाबरून थांबला. सुभद्राबाई तिच्या मागे बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर, डावा तिच्या कोपराखाली.

"धरून ठेवू नको. सोड."

"सोडते."

"अशी नाही, अंगावर पाल पडल्यासारखी! ताण ठेवून सोड. बीमासारखी." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. पण उखाने ते शब्द बरोबर ऐकले. तो उठला, सुनेच्या समोर जाऊन उभा राहिला आणि पहिल्यापासून मोजायला लागला.

तिसरा मांडा जरा जाड झाला, पण अख्खा होता. चौथा बरा. लेकींपैकी थोरलीने रंजनाचा आणि आईचा असे दोन मांडे ताटात शेजारी शेजारी ठेवले आणि कुठला कोणाचा ते विचारायची गरजच राहिली नाही, कारण आईचा आरपार दिसत होता. सुभद्राबाईंना त्याचा आनंद झाला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. प्रमिलाबाईंचे वीसही संपले. धनश्रीने तीन खाल्ले, आमरसाच्या दोन वाट्या घेतल्या, आणि जाताना सांगितलं, "मंगळवारी यायचं, बा. सुट्टी नाही."

"आता कशाला? आखाजी झाली की."

"आणि पुढच्या वर्षीची?"

सुभद्राबाईंनी विचार केला. "रिक्षा साडेनऊची सांगा, ताई," त्या वत्सलाबाईंना म्हणाल्या. "उन्हाच्या आत जाऊ."

संध्याकाळी रंजना एक वाटी घेऊन वत्सलाबाईंकडे आली, उद्या सकाळच्या वरणापुरती डाळ मागायला. ती गेल्यावर वत्सलाबाईंनी डायरी उघडली. पाणी, दूध, ऊन, पाहुणे यांची नोंद केली. सुभद्राबाई अकरा, रंजना आठ, एक फाटला, असं लिहिलं. मग शेवटची ओळ.

रंजनाकडची तूरडाळ आज संपली. खुंटीवरच्या पिशवीत एक किलो आहे, पण तिला कोणी हात लावत नाही. उद्या दोन किलो आणायची.